गाडी घासली, माणसाला लागलं, आता क्लेमचं काय? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

द्वारका चौकात मागून रिक्षा चिकटते. कॉलेज रोडवर कुणी न बघता कारचं दार उघडतो आणि दुचाकीवाला त्यावर आदळतो. पिंपळगावकडून येणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरला मागचा दिवा नसतो. जीव वाचतो, गाडीही बहुतेक चालत घरी येते आणि मग दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. क्लेमच्या कागदांचं काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

धडक झाल्या झाल्या पहिल्यांदा काय करू?

आधी माणसं बघा, गाडी नंतर. कुणाला लागलं असेल तर १०८ ला फोन लावा, पोलिसांसाठी ११२. मुंबई–आग्रा किंवा नाशिक–पुणे महामार्गावर असाल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची मदत १०३३ वर मिळते.

गाडी बाजूला घेण्याआधी, रहदारीचा धोका नसेल तर, फोटो काढा. लोक डेंटचे क्लोजअप काढतात आणि त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही गाड्या एका चौकटीत हव्यात, नंबरप्लेट वाचता यावी, मागे ओळखू येणारं काहीतरी हवं: दुकानाची पाटी, सिग्नल, उड्डाणपुलाचा खांब. रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा असतील तर त्याही. त्यानंतर समोरच्याचं लायसन्स आणि आरसी मोबाइलमध्ये टिपून घ्या. दाखवत नसेल तर गाडीच्या नंबरवरून विमा चालू आहे की नाही हे एमपरिवहन ॲपवर दिसतं.

समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी विनंती करा. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आठवड्यानंतर गेलात तर दुकानदार चहा पाजेल, पण फुटेज मिळणार नाही.

तिथल्या तिथे मिटवून टाकलं तर चालेल का?

नुसता बंपर घासला असेल आणि कुणालाही खरचटलंसुद्धा नसेल, तर जरूर मिटवा. पण दोन ओळींचा कागद करा: तारीख, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, किती रुपये कशासाठी दिले, दोघांच्या सह्या. पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

माणसाला लागलं असेल तर मात्र मिटवू नका. चौकात जमलेली मंडळी "जाऊ द्या साहेब, दोन हजार द्या आणि मोकळे व्हा" म्हणतात, आणि जखमी माणूसही त्या गडबडीत हो म्हणतो. पुढे त्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की देणारा म्हणतो "तेव्हाच मिटलं होतं" आणि घेणारा म्हणतो "मला तेव्हा कळलं नव्हतं". दोघेही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही हातात कागद नसतो.

पोलिसांत जायलाच हवं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ असं सांगतं की कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकानं जखमीला उपचार मिळतील हे बघावं आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवावं. नुसत्या स्वतःच्या गाडीच्या डेंटसाठी कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. जखम, दुसऱ्याचं नुकसान किंवा पळून गेलेली गाडी, यातलं एक जरी असलं तरी नोंद हवीच.

हद्दीवरून टोलवाटोलवी होते. मुंबई नाका की भद्रकाली, इंदिरानगर की अंबड, हा प्रश्न पोलिसांनी सोडवायचा आहे, तुम्ही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या.

बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली आणि इजेचा कलम १२५ खाली लागतो. १ जुलै २०२४ च्या आधीच्या अपघाताच्या कागदांवर जुन्या भारतीय दंड संहितेचे आकडे, म्हणजे २७९, ३३७, ३३८ दिसतील. गोंधळून जाऊ नका.

मला काही लागलं नाही असं वाटतं. तरी दवाखान्यात जाऊ?

जा. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मागून धक्का बसला की मानेला झटका बसतो. त्या क्षणी अंग तापलेलं असतं, डोक्यात समोरच्याशी भांडण चालू असतं, दुखणं जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही. डोक्याला मार लागला असेल तर चक्कर, उलटी, झोपाळलेपणा काही तासांनीही येऊ शकतो, आणि तेव्हा वाट बघायची नसते.

आता क्लेमच्या बाजूनं. दवाखान्यात गेल्यावर "गाडीवरून पडलो" असं मोघम सांगू नका. रस्ता अपघात आहे, अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक गाडीनं धडक दिली, हे केस पेपरवर लिहून घ्या. मग त्याची एमएलसी होते, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, आणि पोलिसांना कळवलं जातं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये हे रोजचं काम आहे. खासगी दवाखान्यातही होतं, पण काही ठिकाणी "पोलिसांची कटकट कशाला" म्हणून घरात घसरून पडल्याची नोंद करण्याचा सल्ला मिळतो. तो अजिबात मानू नका. चांगल्या मनानं लिहिलेलं ते एक वाक्य पुढे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील मोठ्यानं वाचून दाखवतो. पहिल्या केस पेपरवर अपघात नाही आणि तीन आठवड्यांनी एफआयआर आहे, असं प्रकरण उभं करताना चांगल्या वकिलालाही घाम फुटतो.

एक्स-रे, औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, दवाखान्यात जायचं रिक्षाभाडं, कामावरच्या रजेचा दाखला, सगळं एका फाइलमध्ये तारखेनं लावा. थर्मल कागदावरची बिलं उडून जातात, त्यांची लगेच झेरॉक्स काढा.

उपचाराचा खर्च लगेच कोण देतं?

केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, प्रतिव्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंत उपचार आहेत. दाखल होतानाच विचारा. स्वतःचा मेडिक्लेम असेल तर तो वापरा. त्यामुळे पुढचा भरपाईचा हक्क जात नाही. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून वजा करायची नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे. मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात, तेव्हा देण्याआधी प्रती काढून त्यावर शिक्का घ्या.

माझा "फुल इन्शुरन्स" आहे. मग काळजी नाही ना?

पॉलिसी उघडून बघितली आहे का? नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून निघताना कानावर "तीन वर्षांचा इन्शुरन्स" एवढंच पडतं. दुसऱ्या वर्षी ओडीचं नूतनीकरण राहतं आणि अपघात झाल्यावर कळतं की पत्र्याचा खर्च आपल्यालाच आहे.

थर्ड पार्टी भाग दुसऱ्याच्या इजेसाठी आणि मालमत्तेसाठी. खासगी कारच्या बाबतीत दुसऱ्याच्या मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख रुपये. इजा आणि मृत्यूची भरपाई न्यायाधिकरण ठरवेल ती. शिवाय मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. तो मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वासाठी आहे. मुरगळलेल्या पायाला त्यातून काही मिळत नाही.

कंपनीला किती वेळात कळवायचं?

त्याच दिवशी. टोल फ्री नंबर किंवा ॲपवरून कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं धरू नका. खरोखर अडकला असाल, दवाखान्यात असाल, तर उशिरा का होईना कळवा आणि कारण लेखी द्या. खरा क्लेम नुसत्या उशिरावरून फेटाळू नये अशी सूचना विमा नियामकानं २०११ मध्येच कंपन्यांना दिलेली आहे.

सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसानं, बघितल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. ओळखीचा डेंटरवाला "बंपर काढून ठेवतो, उद्या साहेब येतील" म्हणतो; काढलेल्या बंपरवरून धडक कुठून बसली हे कुणीच सांगू शकत नाही. पोलीस केस असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणीही आधी होऊ द्या.

२४ हजारांचं बिल झालं आणि कंपनीनं १५ हजारच दिले. हे कसं?

हा प्रश्न नेहमी रागातच विचारला जातो. आकडे मांडूनच बघू. समजा चार वर्षांची, १५०० सीसीच्या आतली हॅचबॅक आहे, झिरो डेप, म्हणजे घसारा (वापरानं घटलेली किंमत) कापला न जाण्याची जोड, घेतलेलं नाही. बिल असं:

पुढचा बंपर ६,०००, हेडलाइट ८,०००, रंगकाम ७,०००, मजुरी ३,०००. एकूण २४,०००.

बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचे. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे ३,००० आणि ४,००० गेले. रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यातला अर्धा कापतात: ७,००० पैकी १,७५०, त्याचे अर्धे ८७५. मजुरी पूर्ण मिळते. काचेवर घसारा नाही. पत्र्याच्या भागांवर वयानुसार आहे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के.

एकूण कपात ७,८७५. वर सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेममध्ये मालकानं सोसायचा ठरावीक भाग: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० (त्याहून मोठ्या इंजिनाच्या कारला २,०००). हातात आले १५,१२५. म्हणजे इथे कंपनीनं फसवलेलं नाही. नियम पॉलिसीतच छापलेला असतो, फक्त तो वाचायची वेळ कधी येत नाही. झिरो डेप, ज्याला गॅरेजमध्ये "बंपर टू बंपर" म्हणतात, ते घेतलं असतं तर घसारा कापला गेला नसता.

मग किरकोळ नुकसानीचा क्लेम करावा की खिशातून भरावं?

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. या माणसाला सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी हप्त्यात मिळणारी सूट, आहे आणि ओडी हप्ता बोनसआधी ९,००० रुपये. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, मग ५० टक्क्यांवर स्थिर. क्लेम केला तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा पायरी पायरी. हप्ता तोच राहील असं धरलं तर पाच वर्षांतला फरक ४,०५०, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०, मिळून १०,८००. गाडी जुनी होते तसा ओडी हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी.

तेव्हा १५ हजारांच्या क्लेममधून खरा फायदा साडेचार-पाच हजारांचा. माझं मत विचाराल तर, बोनस ४५–५० टक्क्यांवर असेल आणि हातात दहा हजारांच्या आतली रक्कम पडणार असेल, तर क्लेम करू नये. सातपूर-अंबडच्या एखाद्या चांगल्या डेंटरकडे जावं. बोनस संरक्षणाची जोड पॉलिसीत असेल तर हा हिशेबच बदलतो, ते आधी बघा.

चूक समोरच्याची होती. त्याच्या विम्यातून माझी गाडी दुरुस्त होईल ना?

कायद्यानं हक्क आहे, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. समोरच्याच्या कंपनीच्या कार्यालयात बिल घेऊन गेलात तर कुणी हातात पैसे ठेवणार नाही. म्हणून व्यवहारात लोक आपल्याच ओडीतून दुरुस्ती करून घेतात. ओडी नसेल आणि नुकसान मोठं असेल, तर न्यायाधिकरणाचा विचार करा. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत.

माझ्या गाडीमुळे एका दुचाकीवाल्याचा पाय मोडला. मी काय करू?

दवाखान्यात न्या, पोलिसांना कळवा, कंपनीला लेखी कळवा. माणुसकी म्हणून मदत करा, भेटायला जा. पण "चूक माझी, सगळा खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही ही पॉलिसीची अट असते, आणि त्या कागदावरून तुमची कंपनी हात वर करू शकते.

काही महिन्यांनी न्यायाधिकरणाचं समन्स येईल. घाबरून कपाटात ठेवू नका. प्रत कंपनीला द्या, पोच घ्या आणि तारखेला हजर राहा. लायसन्स आणि पॉलिसी चालू असेल तर भरपाई कंपनीच भरते. विमाच नसेल तर भरपाई तुमच्या खिशातून. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि पोलिसांकडून गाडी सोडवणंही अवघड होतं.

मला लागलंय. भरपाईचा दावा कुठे आणि कधीपर्यंत करायचा?

नाशिकचं न्यायाधिकरण सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आहे. अपघात जिथे झाला तिथेच दावा करायचं बंधन नाही. कसाऱ्याला धडक बसली आणि तुम्ही पंचवटीत राहता, तर दावा नाशिकला चालतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे मुदत अपघातापासून सहा महिने. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. "आधी बरा होतो, मग बघू" यातच सहा महिने जातात.

मागता काय येतं? उपचारखर्च, बुडालेली कमाई, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, पौष्टिक आहार, प्रवास, वेदना आणि त्रास, आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर पुढच्या कमाईचं नुकसान. यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोट आखडलं तर बँकेतल्या कारकुनाचं फारसं अडत नाही, पण द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्याचं किंवा अंबडच्या कारखान्यात लेथवर उभ्या राहणाऱ्याचं पोट त्याच बोटावर असतं. म्हणून नेमकं काय काम करता, ते आता का जमत नाही, हे मालकाच्या दाखल्यासकट मांडा. रोजंदारीवाल्यांनी बँक पासबुक, मुकादमाचा दाखला, जे असेल ते द्यावं.

चूक कुणाची हे सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, अशी ठरावीक रक्कम आहे. किरकोळ जखम त्यात बसत नाही. लोकअदालतीतही अशी प्रकरणं मिटतात; रक्कम पटली तर वर्षं वाचतात.

माझ्याच गाडीतल्या पाहुण्यांना लागलं तर?

खासगी कारची पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र, असेल तर आत बसलेल्यांनाही संरक्षण आहे. नुसती थर्ड पार्टी असेल तर फुकट बसलेल्या पाहुण्यांसाठी ते धरलं जात नाही. वणीच्या गडावर सात जणांना घेऊन निघण्याआधी हे माहीत असावं.

धडक देऊन पळून गेला, नंबर मिळाला नाही.

लगेच एफआयआर करा. गाडीचा शोध लागलाच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. गाडीच्या नुकसानीसाठी तुमचं ओडी.

खड्ड्यात आपटली, खालून तेल गळतंय. क्लेम होतो का?

होतो, दुसरी गाडी असायलाच हवी असं नाही. पण तेल गळताना दिसलं की इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. "पाथर्डी फाट्यापर्यंत तर नेतो" म्हणून चालवलीत आणि इंजिन जाम झालं, तर तेलाच्या चेंबरचे पैसे मिळतील, इंजिनचे नाही. अपघातानंतर गाडी चालवल्यामुळे वाढलेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. खड्ड्यामुळे माणूस जखमी झाला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानं ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाईची वाट मोकळी केली आहे.

पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) संपली होती. क्लेम गेला का?

नाही. पीयूसी नाही एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, हे नियामकानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दंड वेगळा. क्लेम खरोखर जातो तो लायसन्स नसताना, दारू पिऊन, किंवा खासगी गाडी शिर्डीच्या भाड्याला लावली असताना.

क्लेम नाकारला. आता?

नकार लेखी आणि कारणासह मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, पण एका वर्षाच्या आत जा. किंवा जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षं.

दवाखान्याबाहेर एक जण भेटला, "केस मी बघतो, टक्केवारी द्या" म्हणाला.

टाळा. निकालाच्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवायला वकिलांना नियमानं बंदी आहे, आणि हा तर बहुधा वकीलही नसतो. कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता, आणि कमी उत्पन्न असलेल्यांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे.

जुनी गाडी विकली, घेणाऱ्यानं नावावर केली नाही आणि त्यानं अपघात केला. माझा काय संबंध?

आहे. आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव असेपर्यंत भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते; सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे. आणि घेणाऱ्याच्या बाजूनं बघायचं तर, आरसी आणि पॉलिसी त्याच्या नावावर नसताना त्याला स्वतःच्या नुकसानीचा क्लेमही मिळत नाही. विम्याच्या नावबदलासाठी १४ दिवस असतात. एमएच १५ च्या कामासाठी पेठ रोडच्या आरटीओला चक्कर मारायचा कंटाळा दोघांनाही महागात पडतो, म्हणून किल्ली द्यायच्या दिवशीच हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या करून अर्ज भरून टाका आणि पोचपावतीचा फोटो जपून ठेवा.